मिलिसावचं ताट आणि गारोवचं पोट

ओरेश्नित्सा,
१२ सप्टेंबर १९७९

प्रिय रोसावन्सं,

पाकीट पाहून दचकू नका, कोणी गेलेलं नाही. मी बरी आहे, शेजारचा रादोयको बरा आहे, आणि त्याची दारूची भट्टी तर आम्हा दोघांपेक्षा बरी आहे. पत्र लिहितेय ते गारोवसाठी. तुमची सगळी हयात गुरांच्या डॉक्टरकीत गेली, घरच्या कुत्र्याबद्दल विचारलं तर फी लावणार नाही असं धरून चालते.

त्याचं पोट फार बोलायला लागलंय. थोडंथोडकं नाही. आधी माळ्यावर कोणी कपाट सरकवतंय असं वाटतं, मग विहिरीत बादली बुडावी तसं डुबुक, आणि शेवटी एक बारीक लांब सूर. परवा पोस्टमन कुंपणाशीच थांबला. म्हणाला, "क्रूनाकाकू, कुत्र्याला बांधा, गुरगुरतोय." मी म्हटलं, "त्याचं तोंड बघ बाबा, गाढ झोपलाय. गुरगुरतंय ते पोट." तरी त्यानं पत्रं खांबावर ठेवली आणि सायकलवर बसला.

खाणंपिणं उत्तम आहे. शेपटी हलते. मेंढ्या विकल्यापासून त्याला काम नाही, म्हणून कोंबड्या राखतो, आणि कोंबड्यांना ते मुळीच आवडत नाही.

आवाज ऐकला की मला तुमच्या भावाची आठवण येते, खोटं कशाला बोलू. आमच्या लग्नात गावच्या पाद्र्यानं, पोपबाबांनी, डोक्यावर मुकुट ठेवले, चर्चमध्ये टाचणी पडली तर ऐकू येईल इतकी शांतता, आणि तेवढ्यात असा गडगडाट झाला की पोपबाबांचा मंत्र मधेच तुटला. सगळी माणसं हसली. मिलिसावनं पोटावर हात ठेवला आणि कानापर्यंत लाल झाला. तुम्ही माझ्या शेजारीच मेणबत्ती धरून उभ्या होतात, तुम्हाला आठवत असेल.

तर सांगा, एवढा आवाज चांगला की वाईट? मी त्याला साधंच खायला देते.

तुमची,
क्रूनिया

—

निश,
१८ सप्टेंबर

वहिनी,

पत्र वाचून दोनदा हसले आणि एकदा चिडले. चिडले ते "साधंच देते" यावर. नोकरीत असताना हे दोन शब्द मी रोज ऐकत होते. ज्याचं डुक्कर आंबलेल्या पिठाचं पातेलं रिकामं करून आडवं व्हायचं, तोही हेच सांगायचा.

आता नीट ऐक. पोट वाजणं हा आजार नाही. आतड्यात वारा असतो, पाणी असतं, खाल्लेलं पुढे सरकत असतं, त्याचा आवाज होतो. तुझंही वाजतं, माझंही वाजतं, फक्त आपण खुर्ची सरकवून तो झाकतो. सकाळी उपाशी पोटी वाजेल, हावरटासारखं गिळलं तर वारा आत जाऊन वाजेल, नवीन काही खाल्लं तर वाजेल. कुत्रा जेवतोय, खेळतोय, परसाकडे नीट होतंय, तर वाजू दे खुशाल.

पण मला काही गोष्टी हव्यात. आवाज कधी होतो? जेवणाआधी की नंतर? ओकतो का? गवत खातो का? आणि त्याच्या पोटाला कान लावून बघ, शेवटच्या बरगडीच्या मागे, दोन्ही बाजूंना. लाजू नकोस. मी बैलांना लावलाय.

लग्नाच्या त्या गोष्टीला आता पेन्शन दे. नामकरण असो की बारावं, तू ती सांगतेस. माणसाचं पोट वाजलं, संपलं. उगाच घराण्याचा इतिहास करू नये.

आणि पुन्हा विचारते, हिवाळ्यात इकडे का येत नाहीस? घरात नळाला गरम पाणी आहे, बाजार खाली आहे. तिथे एकटी लाकडं फोडत बसण्यात काय पुण्य आहे?

रोसांदा

—

ओरेश्नित्सा,
३० सप्टेंबर

प्रिय वन्सं,

उशीर झाला कारण मिरच्या भाजत होते. अंगण, केस, उशा, सगळ्याला त्याचा वास आहे. तुमच्यासाठी चार बाटल्या चटणी भरून ठेवलीय, कोण न्यायला येतंय ते बघू.

कान लावला. गारोवला वाटलं मी लाडात आलेय, त्यानं माझा कान चाटला, त्यामुळे उजवी बाजू नीट ऐकली आणि डावी ओल्या कानानंच. दोन्हीकडे भरपूर हालचाल आहे, बाजाराच्या दिवशी असते तशी. ओकत नाही. गवत कधीमधी खातो, पण ते रादोयकोची गायही खाते.

कारण मला सापडलंय. रादोयकोकडे आलुबुखारांची दारू गाळणं सुरू आहे. गाळून उरलेला चोथा तो कुंपणाशी ओततो. गारोव तिथे जाऊन येतो आणि मग डुलत डुलत येऊन माझ्या पायाशी बसतो. एकदा तर कोंबडीला बघून त्यानं अगदी प्रेमानं मान कलती केली. म्हणजे दोष रादोयकोचा आहे, माझा नाही. मी त्याला तसं ठणकावून सांगितलं. तो म्हणाला, "काकू, त्या पोटात दारू गेली तर पोट गाणं म्हणेल, कपाट सरकवणार नाही."

आवाज मुख्यतः दुपारी होतो. ताट उचललं, भांडी विसळली आणि मी शिवायला बसले की त्याचं सुरू. तासभर छान चालतं. मग आम्ही दोघंही डुलकी काढतो.

निशला यायचं म्हणता, पण चौथ्या मजल्यावर हा एवढा मेंढवाडीचा कुत्रा कुठे ठेवू? तुमच्या जिन्यात दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे जावं लागतं.

तुमची,
क्रूनिया

—

निश,
५ ऑक्टोबर

वहिनी,

रादोयकोच्या चोथ्यानं कुत्रा डुलेल, हे मान्य. तो चोथाही त्याला बाधेल, तेव्हा कुंपणाची फट आजच बुजव. पण पहिलं पत्र तू लिहिलंस तेव्हा भट्टी पेटलीच नव्हती. आलुबुखार अजून पिंपात आंबत होते. मीही त्याच गावची आहे.

दुसरं. "ताट उचललं की" असं लिहिलंयस. कुत्र्याला भांडं असतं वहिनी, ताट नसतं. तुझं जेवण चिमणीएवढं, तुझ्या ताटात कुत्र्याला उरेल असं काही नसतं. मग हे ताट कोणाचं?

मी सांगते. निळ्या काठाचं, डावीकडे टवका उडालेलं. तू अजून दादाचं जेवण रांधतेस, त्याच्या जागेवर वाढतेस, आणि मग टाकवत नाही म्हणून गारोवला घालतेस. कोबीच्या पानातला खिमा, वर डुकराची चरबी, वालाची उसळ, कांदा, लसूण, आणि दादाला लागायची तशी वरून आणखी एक मिरची. हो की नाही?

रागावत नाही. पण डॉक्टर म्हणून बोलते, आणि इथे थट्टा नाही. कांदा-लसूण कुत्र्याचं रक्त खराब करतो. चरबीनं त्याची आतडी सुजतात. उद्यापासून भात, बिनमिठाचं उकडलेलं कोंबडीचं मांस, थोडं गाजर. दिवसातून तीनदा, थोडं थोडं. जेवल्यावर धावू द्यायचं नाही.

आणि हे चुलीवरच्या भिंतीला खिळ्यानं टांगून ठेव. पोट वाजतंय आणि कुत्रा जेवत नाही, कोपऱ्यात जाऊन बसतो, पाठ कमानीसारखी करतो, रक्ताचे जुलाब होतात, तर त्याच दिवशी डॉक्टर. पण त्याहून वाईट एक आहे. गारोवसारख्या खोल छातीच्या मोठ्या कुत्र्याचं पोट कधी कधी वाऱ्यानं फुगतं, फुगून आतल्या आत पिळलंही जातं. तेव्हा तो ओकायला बघतो आणि नुसती लाळ येते. जागेवर बसवत नाही. पोट ढोलासारखं टणक होतं. आणि कान लावलास तर काही ऐकू येत नाही. ती शांतता चांगली नाही. आवाज असेल तर तू बस. आवाज गेला आणि पोट फुगलं, तर ऊठ, मला पत्र लिहीत बसू नकोस, मिळेल त्या गाडीत घाल आणि तालुक्याच्या दवाखान्यात ने. दारू पाजू नको, दूध पाजू नको, पोपबाबांना बोलावू नको.

मी काय खाते म्हणून उलट विचारशील. चहा आणि पाव, खिडकीशी उभ्यानं. एकटीसाठी शेगडी कोण पेटवतं?

रोसांदा

—

ओरेश्नित्सा,
२१ ऑक्टोबर

वन्सं,

तुम्ही पोलिसात जायला हवं होतं.

हो, त्याचंच ताट. आता काय फाशी देणार? फेब्रुवारीत तो गेला, तेव्हा चाळीस दिवस वाढायचं म्हणून वाढलं. चाळीस दिवस झाले, तरी हात थांबेना. मग म्हटलं सहा महिन्यांचं होऊ दे. तेही झालं. इतकी वर्षं मी दोघांचं रांधलंय, एकटीचं रांधायला गेले की मीठच चुकतं. आणि टाकू कसं? गारोव दाराशी बसून बघत असतो. तो मिलिसावचा कुत्रा आहे, मिलिसावच्या ताटावर माझ्याहून त्याचा हक्क जास्त.

आणि आता खरं सांगते, म्हणजे तुम्हाला पुढच्या पत्रात शोधून काढायचे कष्ट नकोत. तो आवाज थांबवायला मी लिहिलंच नव्हतं. त्यानं कुत्र्याला काही होत नाही ना, एवढंच विचारायचं होतं. दुपारी शिवण मांडीवर ठेवून डोळे मिटले, की खुर्चीच्या बाजूनं तसाच गडगडाट यायचा, जसा तुमच्या भावाचा यायचा. तो जेवून बाकावर आडवा व्हायचा आणि त्याचं पोट आमच्या दोघांच्या वतीनं बोलत राहायचं. आम्ही दोघं तसे कमीच बोलायचो.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. भात, कोंबडी, गाजर. गाजर तो जमिनीवर ठेवतो आणि माझ्याकडे असं बघतो, जणू मी त्याला कर भरायला लावलाय. दोन आठवड्यांत पोट गप्प झालं. केस चमकायला लागले, वजन उतरलं, पोस्टमन आत येऊन पाणी पिऊन जातो. तुमचं औषध बरोबर होतं, अभिनंदन.

घर मात्र मुकं झालंय. दुपारी मी घड्याळाकडे बघत बसते. मला फार एकटं वाटतं, वन्सं.

क्रूनिया

—

निश,
२७ ऑक्टोबर

वहिनी,

तुझं पत्र मी बाकावर बसून वाचलं, मग वर येऊन पुन्हा वाचलं. मला जे येतं ते लिहिते: पथ्य चालू ठेव. साधं जेवून पोट गप्प झालं, कुत्रा खेळतोय, चमकतोय, तर ही चांगली शांतता आहे. दोन शांतता वेगळ्या असतात हे विसरू नकोस.

आता तीन तारखेला पितरांचा शनिवार. मला यायला जमणार नाही. बस दोनदा बदलावी लागते आणि माझा गुडघा जिना उतरतानाच इतका भाव खातो, की स्टँडपर्यंत पोचले तरी खूप. आणि खरं म्हणजे येऊन मी करू काय? दादा होता तोवर ते माझं माहेर होतं. आता घर तुझं, मी पाहुणी. तू पाठ मोडणारी कामं करून आल्यावर पुन्हा मला वाढायला उठायचं, हे मला नको.

माझ्या वतीनं एवढं कर. चीज भरलेली पापुद्र्यांची पिटा कर, दादाला आवडायची तशी कडा कुरकुरीत, आणि माझ्या वाटचा तुकडा त्याच्या आत्म्यासाठी कोणाला तरी दे. कोणाला ते तू ठरव.

फक्त गारोवला नको.

रोसांदा

—

तार
५ नोव्हेंबर

गारोव जिवंत आहे. काळजी नको. पत्र मागून. क्रूनिया.

—

निश,
५ नोव्हेंबर, संध्याकाळ

वहिनी,

जिवंत आहे म्हणजे काय? जिवंतच होता ना? मधे काय झालं? अशी तार कोणी कोणाला करतं? तारवाल्यानं मला धरून खुर्चीवर बसवलं. ताबडतोब लिही, आणि सुरुवातीपासून लिही, मिरच्यांपासून नको.

रोसा

—

ओरेश्नित्सा,
७ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,

सुरुवातीपासून लिहिते.

शनिवारी सकाळी टोपली घेऊन मी स्मशानात गेले. उकडलेला गोड गहू, मेणबत्त्या, वाइन, तुमची पिटा. गारोवला घरी बांधलं होतं. मी मिलिसावच्या थडग्याशी पोचले तेव्हा तो तिथे आधीच पसरलेला होता, गळ्यात दोरीचा तुकडा. त्याला हाकलायला माझं मन झालं नाही. मिलिसावला भेटायला आलेला, त्याला परत कसं पाठवणार?

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, तुम्हीही याच गावच्या. प्रत्येक घरानं काहीतरी आणलेलं. येतात, पुढे करतात, म्हणतात, "आमच्या म्हाताऱ्याच्या आत्म्यासाठी घ्या." आपण घ्यायचं, एक घास खायचा, "देव त्याला क्षमा करो" म्हणायचं, आणि आपलं त्यांना द्यायचं. नाही म्हणता येत नाही. नाही म्हटलं तर ते मेलेल्याला नाही म्हटल्यासारखं. मी घेत गेले. मग लोकांचं लक्ष गारोवकडे गेलं. "अरे, हा मिलिसावचा ना? घे रे बाबा, मिलिसावच्या आत्म्यासाठी." भाजलेली कोंबडी, डुकराचं मांस, पोळी, अंडं. मी म्हटलं, त्याला पथ्य आहे. तर सुताराची बायको माझ्याकडे असं बघायला लागली, जणू मी नवऱ्याच्याच तोंडचा घास काढतेय. म्हणाली, "आत्म्याला कसलं गं पथ्य?" तुम्ही तिला काय सांगितलं असतंत?

तुमच्या वाटची पिटा म्हाताऱ्या स्तामेनासाठी ठेवली होती. ती तापानं घरीच होती. टोपलीत तो एकच तुकडा उरला आणि गारोव त्याच्याकडे बघत होता. वन्सं, तुम्ही लिहिलं होतं की त्याला देऊ नको. पण आत्म्यासाठी काढलेलं परतही नेत नाहीत. म्हणजे पिटा त्यानं खाल्ली, आणि कायद्यानं बघितलं तर ती तुम्ही खाऊ घातलीत.

मी मेणबत्त्या लावत असताना रादोयकोनं स्वतःच्या बापाच्या थडग्यावर ठेवलेला गव्हाचा अख्खा वाडगा गारोवनं चाटून पुसून रिकामा केला. मग नळाखालच्या डबक्यातून पाणी प्यायला तो, थांबेचना.

घरी परतताना वाटेत तो मागे पडायला लागला. मान लांब करायचा, ओकायला बघायचा, नुसती लाळ. बसला, उठला, पुन्हा बसला. रादोयको म्हणाला, "काकू, जास्त झालंय, घोटभर दारू पाजू, खाली उतरेल." बाटली काढलीसुद्धा त्यानं. मी रस्त्यातच गुडघ्यांवर बसले आणि बरगडीमागे कान लावला. पोट टणक होतं आणि आत काहीच नव्हतं, वन्सं. दुसऱ्या बाजूनं ऐकलं. तिथेही काही नाही. तुमचा कागद मला भिंतीवर दिसायला लागला. मी रादोयकोची बाटली हिसकावून खड्ड्यात ओतली. त्याला मी मुलासारखा मानते म्हणून त्यानं ते चालवून घेतलं, नाहीतर दारू ओतलेली त्यानं कोणाला माफ केली असती?

त्याच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आम्ही गारोवला चढवलं. मी काळ्या कपड्यात, मांडीवर त्याचं डोकं. तालुक्याला दवाखाना बंद. अर्थातच बंद. डॉक्टरही कोणाचा तरी मुलगा असतोच, तोही आपल्या बापाच्या थडग्याशी गेलेला. मग आम्ही ट्रॅक्टर त्यांच्या स्मशानाच्या फाटकात घातला. सगळे वळून बघायला लागले. मी ट्रॉलीत उभी राहिले आणि ओरडले, "जनावरांचा डॉक्टर कोण आहे, त्यानं पुढे यावं." एक तरुण माणूस हातातली मेणबत्ती बायकोकडे देऊन धावत आला. गारोवच्या पोटावर त्यानं दोन बोटं वाजवली आणि लगेच ट्रॉलीत चढला.

दवाखान्यात त्यानं घशातून पोटात रबराची नळी घातली. रादोयकोनं जबडा धरला, मी डोकं धरलं. आधी नुसता वारा आला. तो वास मी लिहीत नाही, पाकिटाला लागेल. मग पाणी आणि फुगलेला गहू. डॉक्टर म्हणाला, पोट पिळलं गेलेलं नाही, नुसतं फुगलंय, वेळेवर आणलंत. आणखी उशीर झाला असता तर हातात काही राहिलं नसतं. "कोणी सांगितलं तुम्हाला कान लावायला?" मी म्हटलं, "माझ्या नणंदेनं." नाव सांगितलं तर तो ताठ उभा राहिला. तुमच्या हाताखाली शिकलाय. म्हणाला, बाई गोठ्यात शिरल्या की आम्ही श्वास घ्यायलाही घाबरायचो.

मग आम्ही शेगडीजवळ बसून राहिलो. गारोव माझ्या ओढणीवर पडलेला, डोळे अर्धे उघडे. डॉक्टर मधून मधून नळ्या कानात घालून ऐकायचा आणि मान हलवायचा, अजून नाही. मी मिलिसावशी मनातल्या मनात भांडत होते, की एवढ्या लवकर त्याला बोलावून घेऊ नकोस, तुला तिथे सोबत खूप आहे. बऱ्याच वेळानं डॉक्टर हसला आणि त्यानं नळ्या माझ्या कानात घातल्या. आधी कपाट सरकलं. मग डुबुक. मी तिथेच हमसाहमशी रडले. रादोयकोही रडला, पण तो म्हणतो ते वासानं.

आता घरी आहे. भात खातोय. गाजर जमिनीवर.

क्रूनिया

—

निश,
१२ नोव्हेंबर

वहिनी,

तुला ओरडायला कागद घेतला होता, पण ओरडणं राहू दे. तू ऐकलंस. माझ्या हाताखाली शिकलेल्यांतले निम्मे त्या रस्त्यात बसून कान लावायला लाजले असते. शाबास.

पिटेचं म्हणशील तर त्याची शिक्षा मला झाली. रात्रभर माझ्या डोळ्यांसमोर तो तुकडा होता. दुसऱ्याच्या हातानं भावाला जेवू घालायला निघाले होते. स्वतः आले असते तर तो तुकडा मीच खाल्ला असता.

आता माझं ऐक. गारोवचं पोट हे गारोवचं पोट आहे, दादाचं नाही. तू त्याच्याकडून दादाचं काम करून घेतेस, म्हातारा आहे तो, त्याला झेपत नाही. ताट वाढणं बंद कर. जमणार नसेल तर वाढ, पण त्याला देऊ नकोस.

इथे पाऊस आहे. नळाचं गरम पाणी दोन दिवस बंद आहे, तुला हसायला कारण.

रोसा

—

ओरेश्नित्सा,
१९ नोव्हेंबर

प्रिय रोसावन्सं,

तुमचं ऐकून गारोवला द्यायचं बंद केलं. वाढायचं बंद झालं नाही. आता ते ताट संध्याकाळपर्यंत टेबलावर तसंच राहतं, वरची चरबी थिजते, आणि मी आणि गारोव दोघं त्याच्याकडे बघत बसतो. हे काही बरं नाही. अन्न रोज रोज कोणासाठी तरी काढावं आणि कोणीच येऊ नये, हे वाईट.

म्हणून मी आता तुम्हाला एक गोष्ट सांगते. तुमच्या भावानं ती कधीही सांगू नकोस म्हणून बजावलं होतं. त्याच्याकडे जाईन तेव्हा त्याची समजूत काढीन.

लग्नाच्या रात्री मी त्याला चिडवत होते, की पोपबाबांचा मंत्र तोडणारा नवरा मला मिळाला. तो बराच वेळ हसला आणि मग म्हणाला, "क्रूना, ते पोट माझं नव्हतं. रोसाचं होतं. पहाटेपासून ती तुझ्या केसांत फुलं माळत होती, तुझा झगा शिवत होती, पोरीच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. सगळं गाव वळून बघायला लागलं, तिच्या हातातली मेणबत्ती कलली, विझेल असं वाटलं. म्हणून मी माझ्या पोटावर हात ठेवला. तुला माहीत आहे हे तिला कळू देऊ नकोस, ती लाजेनं परत घरी येणार नाही."

तेव्हापासून ती गोष्ट मी नामकरणात सांगितली, बाराव्यात सांगितली, आणि प्रत्येक वेळी तुम्ही उठून भांडी आवरायला जायचात. मी बघत होते. आता तुम्ही म्हणाल, मुद्दाम सांगायचीस. हो, थोडं मुद्दाम. पण तो ऐकताना किती खूश व्हायचा, तेही मी बघत होते.

त्याचंही पोट वाजायचं, ते मला नंतर कळलं. तुमच्या घराण्यात ते आहेच, तुम्ही पेन्शन दिलीत तरी. मला तो आवाज या घरात हवा आहे, आणि तो काढायला आता तुम्ही एकट्याच उरलात. पाहुणी म्हणे. माझ्या लग्नाच्या दिवशी माझ्यासाठी उपाशी राहिलेली माणसं माझ्याकडे पाहुणी नसतात.

रादोयको शनिवारी निशला दारू द्यायला येतोय. ट्रॅक्टर नाही, मेहुण्याची मोटार आहे. तुमच्या दारापर्यंत येईल, जिन्यातून तुमची पेटी आणेल, गुडघा दुखत असेल तर तुम्हालाही आणेल. हिवाळ्याचं सामान घ्या. चहा आणि पाव तिथेच सोडा.

निळ्या काठाचं ताट तुमच्या जागेवर ठेवलंय, खिडकीकडे, बसून जेवायला. कोबी खारवून तयार आहे, खिमा परवा आणते, मिरचीच्या चार बाटल्या तुमच्याच आहेत. दुपारी जेवून बाकावर आडव्या व्हा आणि आवाजाची लाज बाळगू नका. पोस्टमन दाराशी आलाच, तर मी गारोवकडे बोट दाखवीन.

तुमची वहिनी,
क्रूनिया